सूर्यबिंबावरून जाणारीं यानें

पोलादपूर सोडून मोटार आंबेनळीच्या घाटास लागली म्हणजे प्रवाशांची दृष्टि एक तर दरींत जाते, नाहीं तर पुढच्या वळणावर खिळून राहते. डोक्यावरील आकाशाकडे पाहण्याची उसंत तेथें कोणास असावी? शिवाय त्या मुलुखांत आकाशहि मोजकेंच दिसतें. पूर्वेस महाबळेश्वराच्या पठाराची उभी भिंत, मध्यें प्रतापगडाचा डोंगर आणि पश्चिमेस सावित्रीच्या खोऱ्याकडे उतरत गेलेल्या रांगा. पायथ्याच्या वाड्यांवर पंचांगांतला सूर्योदय होऊन गेल्यावरहि बराच वेळ ऊन पोंचत नाहीं. अमक्या कड्यावर ऊन आलें, तमक्या सोंडेवरून खालीं उतरलें, अशा खुणांनीं वेळ ओळखण्याची रीत डोंगरांतील माणसांस नवी नाहीं. तेव्हां सूर्याकडे पाहण्याचा, निदान त्याच्या उन्हाकडे पाहण्याचा, परिपाठ या लोकांस आहे. प्रश्न आहे तो एवढाच, कीं त्या सूर्याच्या तबकडीवरून अर्ध्यापाऊण सेकंदांत जें कांहीं सरकून जातें, तें या घाटांतून कोणी पाहावें कसें?

हें जें कांहीं सरकून जातें, तें मनुष्यांनीं बांधलेलें एक स्थानक आहे. पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून तें फिरत असतें. त्याचा पहिला भाग १९९८ सालीं वर गेला आणि २ नोव्हेंबर २००० पासून त्यांत माणसांची वस्ती अखंड आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तें १०९ मीटर भरतें. पृथ्वीची एक प्रदक्षिणा त्यास सुमारें दीड तासांत घडते, म्हणजे एका सेकंदांत तें साडेसात किलोमीटरांहून अधिक अंतर तोडतें. पोलादपुराहून महाबळेश्वर सरळ रेषेनें सुमारें वीस किलोमीटर आहे. वळणें घेत घेत घाटरस्ता तेंच अंतर जवळजवळ दुप्पट करतो. एस. टी. ची गाडी ज्या चढावर धापा टाकीत जाते, तो सारा मुलूख हें स्थानक तीन सेकंदांच्या आंत मागें टाकतें.

सूर्यास्तानंतर किंवा पहांटे हें स्थानक एखाद्या तेजस्वी ताऱ्याप्रमाणें आकाशांतून जातांना पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्या वेळीं पृथ्वीवर अंधार असतो, पण वर त्याच्यावर ऊन पडलेलें असतें. दिवसां मात्र तें निळ्या प्रकाशांत बुडून जातें. बुडालेलें हें स्थानक पुन्हा उघडें पडण्याचा एकच मार्ग उरतो. पाहणारा आणि सूर्य यांना जोडणाऱ्या रेषेवरच तें नेमकें आलें पाहिजे. तसें झालें, कीं तेजाच्या तबकडीवर एक काळा ठिपका एका कडेनें शिरतो आणि दुसऱ्या कडेनें निघून जातो. ज्योतिषशास्त्रांत या प्रकारास अधिक्रमण म्हणतात. चंद्र सूर्यास झांकतो तेव्हां ग्रहण होतें. जो पदार्थ झांकण्याइतका मोठा दिसत नाहीं, त्याचें नुसतें अधिक्रमण होतें. पूर्वीं हा मान बुध व शुक्र या दोन ग्रहांचाच होता.

या दोन ग्रहांच्या पायीं मोठमोठ्यांची फजिती झालेली आहे. १६०७ सालीं केप्लरनें अंधाऱ्या खोलींत छिद्रावाटे सूर्याचें चित्र पाडलें, त्यांत त्यास एक काळा डाग दिसला, आणि आपण बुधाचें अधिक्रमण पाहिलें असें त्यानें ठरवून टाकलें. तो सूर्यावरचा डाग होता. पुढें त्यानें आपली चूक स्वतःच कबूल केली, हें त्याचें मोठेपण. १६३१ च्या ७ नोव्हेंबरला पॅरिसमध्यें गासेंदी यानें बुध खरोखरीच पाहिला. पण ठिपका त्याच्या कल्पनेहून इतका लहान निघाला, कीं तो आरंभीं त्यालाच सौर डाग समजत होता. एकानें डागास ग्रह म्हटलें, दुसऱ्यानें ग्रहास डाग! शेवटीं निर्णय झाला तो गतीवरून. डाग सूर्याबरोबर सावकाश फिरतो, त्यास बिंब ओलांडण्यास जवळजवळ दोन आठवडे लागतात. ग्रह कांहीं तासांत पार होतो. घाटांत उभें राहून पाहणाऱ्यासहि हीच कसोटी उपयोगी पडते. स्थानक एका सेकंदाच्या आंतबाहेर निघून जातें. घार गेली तर ती धूसर आणि मोठी दिसते. विमान गेलें तर त्याचे पंख ओळखूं येतात.

ढगांनीं कोणाचें किती नुकसान करावें यास मात्र सीमा नाहीं. फ्रान्सचा ल झांतील शुक्राचें अधिक्रमण पाहण्यास पाँडिचेरीकडे निघाला. १७६१ च्या मे महिन्यांत मलबार किनाऱ्यावर माहे येथें त्यास वर्तमान कळलें, कीं पाँडिचेरी इंग्रजांच्या हातीं गेली. जहाज मागें फिरलें. ६ जूनला आकाश स्वच्छ होतें, पण तो भर समुद्रांत हलत्या डेकवर उभा. तेथील निरीक्षणास शास्त्रांत किंमत नव्हती. पुढचें अधिक्रमण आठ वर्षांनीं होतें, म्हणून तो आठ वर्षें पूर्वेकडेच राहिला. १७६९ सालीं तो पाँडिचेरींत दुर्बीण लावून सज्ज बसला होता. ४ जूनच्या सकाळीं नेमक्या वेळीं ढग आले, आणि अधिक्रमण संपल्यावर सूर्य बाहेर पडला. घरीं परतला तेव्हां त्यास मृत समजून वारस इस्टेटीची वांटणी करूं लागले होते. जूनच्या आरंभीं कोंकणच्या माणसास पश्चिमेकडे पाहतांना जी धाकधूक वाटते, ती या फ्रेंच गृहस्थास पुरेपूर ठाऊक झाली असली पाहिजे.

हिंदुस्थानास शुक्रानें त्यानंतर एकदां उदार दर्शन दिलें. तें ९ डिसेंबर १८७४ रोजीं, थंडीच्या निरभ्र दिवसांत. आजच्या घड्याळानें तें सकाळीं सव्वासात ते बाराच्या दरम्यान घडलें. मद्रासच्या वेधशाळेंतील चिंतामणि रघुनाथाचारी यांनीं त्या आधीं इंग्रजीबरोबरच देशी भाषांतून पुस्तिका छापून लोकांस तें समजावून दिलें होतें. विसाव्या शतकांत शुक्राचें एकहि अधिक्रमण झालें नाहीं. ८ जून २००४ चें सर्व हिंदुस्थानभर दिसण्याजोगें होतें. ६ जून २०१२ चें सूर्योदयापासून सकाळीं सवादहापर्यंत चाललें होतें; पण आंबेनळीच्या पायथ्याशीं सूर्यच डोंगराआडून उशिरा वर येतो, त्यामुळें तेथील वांट्यास तें आणखी कमी आलें. आतां पुढचें शुक्राधिक्रमण ११ डिसेंबर २११७ रोजीं. आज पाळण्यांत असलेल्यांपैकींहि फारच थोड्यांस तें दिसावयाचें.

म्हणूनच मनुष्यनिर्मित यानांचें हें अधिक्रमण मोलाचें वाटतें. आश्चर्य असें, कीं स्थानक डोक्यावर असतांना त्याचा सूर्यबिंबावरील ठिपका जवळजवळ अधिक्रमणांतील शुक्राएवढाच दिसतो. शुक्राचा व्यास सुमारें बारा हजार किलोमीटर आणि तो त्या वेळीं चार कोटि किलोमीटरांहून दूर. स्थानक शंभर मीटरांचें, पण चारशें किलोमीटरांवर. दोहोंचें गणित एकाच ठिकाणीं येऊन मिळतें, सूर्याच्या व्यासाच्या सुमारें तेहेतिसाव्या हिश्शाशीं. सूर्याचें दहा सेंटिमीटर रुंदीचें चित्र कागदावर पाडलें, तर त्यावर स्थानक तांदळाच्या कणीएवढें दिसेल. सूर्य कलता असला म्हणजे स्थानक तिरप्या रेषेनें हजार किलोमीटरांवर जातें आणि कणीची खसखस होते. त्या मोबदल्यांत तें अधिक वेळ दिसतें. आंबेनळीच्या अक्षांशावर साधारण १२ मेच्या सुमारास माध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहींशी होते. त्या वेळीं अधिक्रमण घडलें तर ठिपका सर्वांत मोठा, परंतु खेळ अर्ध्या सेकंदांत आटोपला!

आतां खरी अडचण पाहूं. शुक्र दूर असल्यामुळें एकाच वेळीं अर्ध्या पृथ्वीस दिसतो. स्थानक जवळ असल्यामुळें त्याचें अधिक्रमण एका अरुंद पट्ट्यांतूनच दिसतें. हा पट्टा पांचसहा किलोमीटर रुंद असतो. समजा, फाल्गुनांतील एका सकाळीं साडेदहाच्या सुमारास, सूर्य पंचेचाळीस अंशांच्या आसपास चढलेला असतांना, हा पट्टा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे प्रतापगडावरून जात आहे. गडावरील माणसाच्या कागदावरून ठिपका सूर्याच्या मध्यावरून जाईल. पोलादपुरचा माणूस सरळ रेषेनें अकराबारा किलोमीटरांवर आहे. त्याचा सूर्य जसाच्या तसा कोरा राहील. महाबळेश्वराच्या बाजारांत उभा असलेला माणूसहि रिकाम्या हातीं परतेल. एकच घाट, एकच सूर्य, एकच क्षण. पण तिघांपैकीं एकासच दर्शन. आणि जो पट्ट्याच्या कडेवर उभा राहील त्याच्या बिंबाची केवळ कडा कुरतडून ठिपका निसटेल.

डोंगराळ मुलुखांत आणखी एक खोंच आहे, ती सपाटीवरील लोकांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. पट्ट्याचें गणित समुद्रसपाटीस धरून केलें आणि पाहणारा हजार मीटर उंचावर उभा राहिला, तर त्याच्यापुरता पट्टा सूर्याच्या दिशेकडे सरकतो. सूर्य पंचेचाळीस अंशांवर असेल तर जितकी उंची तितकेंच सरकणें. प्रतापगडाची उंची हजार मीटरांवर, म्हणून तेथें पट्टा एक किलोमीटर आग्नेयेकडे गेला असें समजावें. महाबळेश्वराचें पठार तेराशें मीटरांहून उंच. सूर्य तीस अंशांवर आला तर तेथें हें सरकणें सवादोन किलोमीटरांचें होईल. सहा किलोमीटरांच्या पट्ट्यांत सवादोन किलोमीटरांची चूक म्हणजे थट्टा नव्हे. शाळेंत काटकोन त्रिकोण शिकतांना ‘याचा उपयोग काय?’ असें विचारणाऱ्या मुलांस हें उदाहरण घालण्यासारखें आहे.

शिवाय गणित ताजें हवें. स्थानक ज्या उंचीवरून फिरतें तेथेंहि विरळ हवेचा अंश असतो, त्याच्या घर्षणानें तें हळूहळू खालीं येतें, आणि अधूनमधून यंत्रें चालवून त्यास पुन्हा वर ढकलावें लागतें. असा धक्का दिल्यावर पूर्वीं काढलेली वेळ चुकते. वेळ चुकली, कीं मधल्या अवधींत पृथ्वी फिरून जाते आणि पट्टा एका डोंगरधारेवरून दुसरीवर जाऊन पडतो. म्हणून पंधरा दिवसांमागचें भाकित घेऊन निघणारा बहुधा फसतो. आदल्या दिवशीं संगणकावर वेळ पुन्हा ताडून पाहावी आणि घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर लावावें.

अशा वेळीं घाटाखालच्या एखाद्या शाळेच्या मास्तरांपुढें जो पेंच पडेल, तो लहान नाहीं. वर्गांतील तीस मुलें. पट्टा गडावरून जाणार. मुलांस वर नेलें तर पाऊण सेकंदाचें दर्शन. एवढ्यासाठीं गाडीभाडें कोणीं द्यावें, हा एक प्रश्न. त्याहून मोठा प्रश्न आईबापांचा. २८ जुलै २०१८ रोजीं याच घाटांत एक बस दरींत कोसळून तीस जण मृत्यु पावले. ती आठवण या खोऱ्यांत पुसलेली नाहीं, आणि मुलांस घाटांतून वर पाठविण्यास कोणी आई कांकूं करूं लागली तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. चांगल्या मास्तरांनीं अशा वेळीं हट्ट धरूं नये. एकाच घरावरून पट्टा जाण्यास महिनोनमहिने वाट पाहावी लागते हें खरें. पण तो शेजारपाजारच्या पन्नासपाऊणशें किलोमीटरांत वरचेवर पडत असतो, आणि कधींतरी शाळेच्या अंगणावरूनहि जातो. तोंपर्यंत दुर्बीण पुसून ठेवावी, सूर्याचें चित्र पाडण्याचा सराव रोज करावा, आणि मुलांकडून सौर डागांची नोंद ठेववावी. पुण्याचे केरूनाना छत्रे यांनीं एकोणिसाव्या शतकांत सूर्यावरील डाग आणि आपलें हवामान यांचा संबंध तपासण्याकडे लक्ष दिलें होतें. त्या कामास गडावर चढावें लागत नाहीं.

आतां जें सांगावयाचें तें निक्षून सांगितलें पाहिजे. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनीं पाहूं नये, आणि दुर्बिणींतून तर कदापि पाहूं नये. डोळ्याच्या आंतील पडद्यास वेदना नसते. तो भाजत असतां माणसास कांहींच कळत नाहीं; कळतें तें कांहीं तासांनीं, जेव्हां वाचतांना पानाच्या मधोमध अक्षरांऐवजीं एक काळी जागा दिसूं लागते. मग उपाय फारसा उरत नाहीं. काजळी धरलेली कांच, क्ष-किरणांची फिल्म, उन्हाचा काळा चष्मा, यांतील एकहि साधन भरंवशाचें नाहीं. परातींत पाणी घेऊन त्यांतलें प्रतिबिंब पाहण्याची जुनी चाल आहे; तिच्यांत शहाणपण आहे असें पुष्कळांस वाटतें. पण पाणी शंभरांतील सुमारें दोन भाग प्रकाश परत पाठवितें, आणि डोळ्यास सोसण्यासाठीं तो लाखांतील एका भागापर्यंत खालीं आणावा लागतो. दोन हजार पट फरक आहे. एवढ्या फरकावर मुलांचे डोळे पणाला लावणें योग्य नव्हे.

निर्धोक रीत अशी. लहान दुर्बीण सूर्याकडे वळवावी, तेंहि तिच्या सावलीकडे पाहून. सावली सर्वांत आंखूड झाली म्हणजे नेम बरोबर साधला. डोळा लावण्याच्या भिंगामागें वीतभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरावा आणि भोंवतीं दुसऱ्या पुठ्ठ्याची सावली करावी. सूर्याचें वाटोळें चित्र पुठ्ठ्यावर उतरतें व वर्गांतील सगळ्यांस एकदमच पाहतां येतें. जोडदुर्बीण असेल तर तिचा एक डोळा झांकून ठेवावा. दुर्बिणीशेजारीं एक मोठें माणूस शेवटपर्यंत उभें राहिलें पाहिजे, कारण भिंगास डोळा लावून पाहण्याचा मोह मुलांस होतोच. ग्रहणाचा प्रमाणित चष्मा डोळ्यांस सुरक्षित खरा, परंतु त्यांतून हें स्थानक बहुधा दिसणार नाहीं. ठिपका डोळ्याच्या शक्तीच्या कांठावर, आणि वेळ पापणी लवण्याएवढा. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, मागच्या नव्हे, सौर गाळणी बसवून कॅमेऱ्यानें चलच्चित्र घेतल्यास सेकंदास तीस चित्रांच्या हिशेबानें वीसएक चित्रें पदरांत पडतात. फ्रान्समधील तिएरी लेगो यांनीं १७ सप्टेंबर २००६ रोजीं नॉर्मंडींतून ॲटलांटिस हें यान आणि हें स्थानक जवळजवळ तरंगतांना एकाच सूर्यबिंबावर टिपलें. एका सेकंदाच्या आठहजाराव्या भागाएवढा प्रकाश त्यांनीं आंत घेतला. तेवढ्या अवधींत स्थानक पुरतें एक मीटरहि पुढें सरकत नाहीं, म्हणून त्याचीं पंखांसारखीं पटलें रेखीव उमटलीं.

अधिक्रमणाच्या वेळीं उजेड कमी होतो काय, असें पुष्कळ लोक विचारतात. होत नाहीं. स्थानकाची गडद सावली शंकूसारखी निमुळती होत बाराएक किलोमीटरांतच संपून जाते. ती जमिनीपर्यंत पोंचतच नाहीं. सूर्याचा हजाराव्या हिश्शाहूनहि कमी भाग झांकला जातो. शेतांत काम करणाऱ्यास कांहीं झाल्याचा पत्ताहि लागत नाहीं.

सूर्यासमोरील दोन मिनिटांसाठीं लोकांनीं काय काय केलें आहे, हें महाराष्ट्राच्या भूमीनें पाहिलेलें आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं नॉर्मन लॉकियर यांनीं विजयदुर्गाच्या किल्ल्यांत तळ दिला होता. त्यांच्या यंत्रांसाठीं बांधलेले चौथरे ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून अद्याप दाखविले जातात. त्याच दिवशीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांची तुकडी होती, आणि अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कँपबेल हेहि तेथेंच उतरले होते. नायगमवाला यांनीं भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून पुण्यास वेधशाळा उभी केली होती. १९१२ सालीं ते निवृत्त झाल्यावर तिचीं यंत्रें कोडाईकनालला गेलीं. त्यांतील वीस इंची दुर्बीण पुण्यास राहती तर बरें झालें असतें, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं. हेलियम वायूचा शोध विजयदुर्गीं लागला, असें कोंकणांत अभिमानानें सांगतात. तो अभिमान थोडा सांवरून घ्यावा लागेल. ती पिवळी रेषा १८६८ च्या ग्रहणाच्या वर्षांतील गोष्ट आहे. त्या वेळीं जानसेन गुंटूर येथें होते, आणि लॉकियर विजयदुर्गीं आले ते तीस वर्षांनंतर. विजयदुर्गाचें जें खरें आहे तेंच पुरेसें मोठें आहे.

आतां एक गोष्ट घरांतील. ज्यांच्याकडे दुर्बीण नाहीं त्यांच्याहि घरावर यानाचें अधिक्रमण वर्षांतून दोन वेळां होतें, आणि तें त्यांस कळतेंहि. फक्त त्याचें नांव ठाऊक नसतें. दूरदर्शनाचे कार्यक्रम पोंचविणारे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारें छत्तीस हजार किलोमीटरांवर असतात आणि पृथ्वीबरोबर फिरत असल्यामुळें आकाशांत एका जागीं खिळल्यासारखे राहतात. आपल्या घरावरील थाळी त्यांच्याकडेच तोंड करून बसविलेली असते. आंबेनळीच्या अक्षांशावरून पाहतां ते आकाशाच्या विषुववृत्ताच्या तीन अंश दक्षिणेस दिसतात. मार्चच्या १२-१३ तारखेच्या आणि सप्टेंबरअखेरच्या सुमारास सूर्यहि नेमका त्याच रेषेवर येतो, आणि दिवसांतून एकदां तो उपग्रहाच्या बरोबर मागें उभा राहतो. उपग्रहाचा ठिपका तर मोठ्या दुर्बिणीसहि दिसणार नाहीं इतका बारीक. पण सूर्याचा रेडिओ गोंगाट उपग्रहाच्या क्षीण आवाजावर मात करतो, आणि कांहीं मिनिटें पडद्यावर चित्र विस्कटतें. थाळी आग्नेयेकडे वळलेली असेल तर हें दुपारच्या आधीं घडतें. मग थाळी हलवून पाहणें, तार काढून पुन्हा लावणें, गांवांतील दुरुस्तीवाल्यास बोलावणें, असे उपचार होतात. तो येईपर्यंत चित्र आपोआप परत आलेलें असतें, आणि पैसे मात्र द्यावे लागतात! दुसऱ्या दिवशीं जवळजवळ त्याच वेळीं पुन्हा तोच प्रकार. सलग चारसहा दिवस एकाच सुमारास चित्र गेलें, तर दोष तारेचा नसून सूर्याचा आहे हें ओळखावें. पुण्याजवळ आर्वी येथें १९७१ सालीं देशाचें व्यापारी उपग्रह-केंद्र सुरू झालें. अशा केंद्रांचे लोक या दिवसांचें वेळापत्रक आधींच काढून ठेवतात.

याच गोंगाटाच्या भयानें आपलें एक यान सूर्यासमोर कधींच येऊं दिलें जात नाहीं. ‘आदित्य’ हें यान २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोटाहून सुटलें आणि ६ जानेवारी २०२४ रोजीं पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनें पंधरा लक्ष किलोमीटरांवरील ठिकाणीं पोंचलें. पृथ्वी व सूर्य यांच्या मधोमधच्या रेषेवर तें ठेवलें असतें, तर त्याचा संदेश सूर्याच्या आवाजांत बुडाला असता. म्हणून त्यास त्या रेषेभोंवतीं विस्तीर्ण वर्तुळांत फिरत ठेवलें आहे. त्यावरील जंबुपार किरणांनीं सूर्याचें चित्र घेणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेनें तयार केली. सूर्याकडे अखंड पाहणारें तें यान पृथ्वीवरून सूर्यबिंबावर मात्र कोणासहि दिसणार नाहीं.

स्थानकाची गोष्ट वेगळी. २६ जून २०२५ रोजीं शुभांशु शुक्ला त्यांत पोंचले. त्या स्थानकांत पाऊल ठेवणारे ते पहिले भारतीय. राकेश शर्मा १९८४ सालीं गेले होते तें रशियाचें दुसरें, जुनें स्थानक. शुक्ला १५ जुलैला परत आले. ते वर असलेले दिवस म्हणजे घाटांतील भर आषाढ. आंबेनळींत त्या दिवसांत सूर्य दिसणेंच मुष्कील, मग त्याच्यावरील ठिपका कोठला? हें स्थानक आतां म्हातारें झालें आहे. २०३० नंतर त्यास खालीं आणून दक्षिण पॅसिफिक महासागरांत बुडविण्याचा बेत जाहीर झालेला आहे. चीनचें त्याहून लहान स्थानक फिरतच आहे, आणि भारताचें स्वतःचें स्थानक २०३५ पर्यंत उभें करण्याचा संकल्प आहे. तथापि आज जें एवढें मोठें दिसतें तें पाहण्यास फारसे हिंवाळे उरलेले नाहींत. ज्या मास्तरांस मुलांना तें दाखवावयाचें असेल, त्यांनीं मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंतचें आकाश वायां घालवूं नये.

त्यानंतर बुधाची पाळी आहे. १३ नोव्हेंबर २०३२ रोजीं दुपारीं बारा वाजून गेल्यावर तो सूर्यबिंबांत शिरेल आणि साडेचारनंतर बाहेर पडेल. तेव्हां पावसाळा संपलेला असेल आणि सूर्य डोंगराच्या वर पुष्कळ चढलेला असेल. पट्ट्याचा प्रश्न नाहीं, पोलादपूर, प्रतापगड आणि महाबळेश्वर तिन्ही ठिकाणीं तो सारखाच दिसेल. ठिपका मात्र बारीक, दहा सेंटिमीटरांच्या चित्रांत अर्धा मिलिमीटर. त्यासाठीं दुर्बीण चांगली हवी आणि पुठ्ठा स्थिर हवा. त्या दिवशीं शनिवार आहे. सकाळची शाळा असेल तर मुलें घरीं जाण्यापूर्वींच दुर्बीण अंगणांत मांडून ठेवावी लागेल.